पर्सेफोनी पाताळात असते ती हिवाळ्यात की उन्हाळ्यात?

मंगळवेढेकरीण

नमस्कार मंडळी. मी शाळेत इतिहास शिकवते. प्राचीन ग्रीसचा भाग आला की पुस्तकातलं संपवून उरलेल्या वेळात डिमीटर आणि पर्सेफोनीची गोष्ट सांगायची, हा माझा पंधरा वर्षांचा शिरस्ता. धान्याची देवी डिमीटर. तिची लेक फुलं वेचत असताना पाताळाचा राजा हेडीस तिला रथात घालून पळवून नेतो. आई रानोमाळ शोधत फिरते, पृथ्वीवर काही उगवेनासं होतं, शेवटी झ्यूसला नमावं लागतं. पण लेकीनं पाताळात डाळिंबाचा दाणा खाल्लेला असतो, म्हणून दरवर्षी काही महिने तिला खाली राहावंच लागतं. ती खाली गेली की हिवाळा, वर आली की वसंत. मुली ही गोष्ट फार मन लावून ऐकतात. एकीनं मागे विचारलं होतं, "बाई, बापानंच होकार दिला होता?" झ्यूस तिचा बाप आणि त्याचा होकार होता, हे खरंच आहे. मी तसं सांगितल्यावर ती गप्प बसली, आणि तास संपेपर्यंत गप्पच होती.

गेल्या जुलैत नवऱ्याच्या कामानिमित्त अथेन्सला जाणं झालं. मी दिवसभर मोकळी होते, तेव्हा एके सकाळी बस धरून एल्युसिस गाठलं. आताचं नाव एलेफ्सीना. अथेन्सपासून वीसेक किलोमीटर. डिमीटरचं मुख्य ठाणं इथलंच. हजाराहून जास्त वर्षं इथे तिच्या गूढविधींची दीक्षा दिली जात होती आणि आत काय दाखवतात ते बाहेर फोडलं तर देहदंड होता. आज आजूबाजूला तेलशुद्धीकरण कारखाने, धुरांडी, खाडीत उभी गंजकी जहाजं. मधे एक टेकडी आणि तिच्या पायथ्याशी हे अवशेष.

तिथे एका दगडापाशी मी बराच वेळ बसले. रोमन काळातल्या एका प्रवेशद्वाराच्या पट्टीचा तुकडा, आणि त्यावर गव्हाच्या ओंब्या कोरलेल्या. दाण्यामागे दाणा सुटा दिसतो, वरची कुसळंसुद्धा कोरणाऱ्यानं सोडलेली नाहीत. बोट फिरवलं तर टोचतील असं वाटतं. आणि त्या दगडाभोवती जमीन कशी होती? पिवळी, करपलेली, भेगाळलेली. काटेरी झुडपं वाळून खडखडत होती. हिरवं म्हणावं असं फक्त ऑलिव्ह आणि पाइन. तिथल्या राखणदार बाईंना मी म्हटलं, "फारच कोरडं आहे हो." त्या म्हणाल्या, "जानेवारीत या. तेव्हा हे सगळं हिरवंगार असतं."

तेव्हापासून प्रश्न पडलाय. हिवाळ्यात जर तिथे सगळं हिरवं असतं, तर लेक हिवाळ्यात पाताळात कशी? जमीन मेलेली असते ती उन्हाळ्यात. मी मंगळवेढ्याची. आमची ज्वारी पावसाळा सरता सरता पेरतात, थंडीत वाढते, फेब्रुवारी-मार्चात काढणी. आणि चैत्र-वैशाखात त्याच काळ्या रानात पाय जाईल एवढ्या भेगा. एल्युसिसची जमीन बघून मला आमचंच रान आठवलं. मग "ती गेली की हिवाळा" हे मी पंधरा वर्षं चुकीचं सांगत आले का? ज्यांनी मूळ काव्य वाचलंय किंवा तो मुलूख पाहिलाय, त्यांनी कृपया सांगावं.

पोथीवाचक

ताई, तुम्हाला पडलेला प्रश्न अभ्यासकांनाही पडलेला आहे आणि शंभर वर्षं त्यावर वाद चालू आहे. थोडं सविस्तर लिहितो.

आधी मूळ काव्य. डिमीटरचं स्तोत्र होमरच्या नावावर मोडतं, पण ते होमरचं नाही. साधारण इ. स. पू. सातव्या शतकाच्या अखेरीचं किंवा सहाव्याच्या सुरुवातीचं असावं. जवळजवळ पाचशे ओळी. त्याचं एकुलतं एक हस्तलिखित १७७७ साली मॉस्कोत सापडलं, ते आता हॉलंडमध्ये लायडनच्या विद्यापीठात आहे. म्हणजे त्याआधीच्या युरोपला ही गोष्ट ठाऊक होती ती मुख्यतः रोमन कवी ओव्हिडकडून. फरक इथूनच सुरू होतो. ओव्हिड सांगतो की वर्षाचे दोन सारखे भाग झाले, सहा महिने आईपाशी, सहा महिने नवऱ्यापाशी. ग्रीक स्तोत्रात असं नाही. तिथे एक तृतीयांश वर्ष खाली आणि दोन तृतीयांश वर. म्हणजे चार महिने. डाळिंबाचा दाणाही तिथे एकच आहे. सात दाणे ओव्हिडच्या एका काव्यातले.

आता हे चार महिने कुठले? स्तोत्रात एक ओळ स्पष्ट आहे: पृथ्वी वसंतातल्या नाना सुवासिक फुलांनी बहरेल तेव्हा तू अंधारातून वर येशील. त्यामुळे स्तोत्राच्या शब्दाला धरून चालायचं तर हिवाळा हेच उत्तर. तुम्ही वर्गात चुकीचं सांगत नव्हता.

पण स्तोत्रातला दुष्काळ बारकाईनं वाचा. बैल शेतातून वाकडे नांगर उगाच ओढत राहिले आणि पांढरं जव मातीत उगाच पडत राहिलं, कारण देवीनं बी जमिनीतच दडवून ठेवलं होतं. हे पेरणीचं चित्र आहे. आणि अ‍ॅटिकात म्हणजे अथेन्सभोवतालच्या मुलखात पेरणी होते पहिला पाऊस पडल्यावर, ऑक्टोबर-नोव्हेंबरात. हेसिअड या जुन्या ग्रीक कवीनं शेतकऱ्याला दिलेला सल्ला आपल्या माणसाला लगेच कळेल, कारण तो कृत्तिकांवर बेतलेला आहे: कृत्तिका उगवल्या की कापणीला लाग, मावळल्या की नांगर धर. चाळीस दिवस-रात्री त्या दिसत नाहीत, आणि पुन्हा दिसतात तेव्हा विळ्याला धार लावायची वेळ आलेली असते. ते उगवणं मे महिन्यातलं आणि मावळणं नोव्हेंबरच्या सुरुवातीचं. मे-जूनमध्ये कापणी-मळणी, आणि नंतर पेरणीपर्यंत रान उघडं. मळणीपासून पेरणीपर्यंत मोजा. जून सरल्यापासून ऑक्टोबर सरेपर्यंत चार महिने होतात!

स्वीडनचे अभ्यासक मार्टिन निल्सन यांनी हाच मुद्दा धरला. त्यांचं म्हणणं असं की पर्सेफोनी म्हणजे धान्य. पेरलेलं बी काही आठवड्यांत उगवतं, चार महिने मातीत पडून राहत नाही. चार महिने जमिनीखाली असतं ते साठवलेलं धान्य. ग्रीक लोक धान्य जमिनीत खणलेल्या खड्ड्यात ठेवत, त्याला ते 'सिरोस' म्हणत. लेक उन्हाळाभर तिथे. पेरणीच्या वेळी खड्डा उघडतो आणि ती आईकडे परत येते. हेडीसचं दुसरं नाव प्लूटोन, म्हणजे धनवान, हेही मग नीट लागतं. खेड्यात धन म्हणजे धान्यच. हेसिअडच्या वंशावळीत तर प्लूटोस, म्हणजे साक्षात समृद्धी, हा डिमीटरचाच मुलगा आहे, आणि त्याचा गर्भ राहिला तो क्रीट बेटावर तीनदा नांगरलेल्या शेतात.

आणखी दोन गोष्टी या बाजूला झुकतात. एल्युसिसचे मोठे गूढविधी व्हायचे बोएद्रोमिओन महिन्यात, म्हणजे सप्टेंबरच्या अखेरीला, पेरणीच्या ऐन तोंडावर. मायलेकींची भेट हा त्या विधींचा गाभा होता. ती भेट जर वसंतातली असती तर मुख्य उत्सव शरदात का धरला असता? दुसरा पुरावा शिलालेखाचा आहे. इ. स. पू. पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात अथेन्सच्या लोकसभेनं ठराव केला की दर शेतकऱ्यानं पिकाचा पहिला वाटा एल्युसिसला द्यावा. जवाचा सहाशेवा भाग, गव्हाचा बाराशेवा. आणि ते धान्य ठेवायला एल्युसिसला तीन सिरोस बांधावेत, 'पूर्वापार रिवाजाप्रमाणे'. मला या शब्दांचं फार मोल वाटतं. लोकशाही अथेन्सनं देवीच्या दारात जमिनीखाली धान्य ठेवायची सोय केली आणि वर म्हटलं की ही पद्धत आमची नाही, वाडवडिलांची आहे.

तरी निल्सन यांचं सगळ्यांनी मान्य केलेलं नाही, कारण वसंताची ती ओळ पुसता येत नाही. माझं स्वतःचं मत असं की शेतकऱ्याची जुनी गोष्ट उन्हाळ्याची होती आणि कवीनं ती फुलांच्या ऋतूला जोडली. पर्सेफोनीचं हरण झालं तेच मुळी फुलं वेचताना. गुलाब, केशर, व्हायोलेट आणि शेवटी तो शंभर फुलांचा नार्सिसस. त्या काव्याला सुरुवात फुलांनी केल्यावर शेवटही फुलांनीच करावासा वाटला असणार.

बार्शीचा_दाणा

पोथीवाचक सर, त्या सिरोसला आपल्याकडे पेव म्हणतात! तुम्ही दोन परिच्छेद लिहिलेत आणि हा शब्द आला नाही, म्हणून मुद्दाम लिहितोय.

आमच्या जुन्या घराच्या ओसरीखाली पेव होतं. पेव काळ्या रानात कधी खणत नाहीत, ओल धरते. गावठाणाच्या पांढरीत खणायचं. तोंड एक माणूस उतरेल एवढंच, आत मोठ्या रांजणासारखं फुगत गेलेलं. तळाला आणि बाजूंना कडबा, काड यांचा जाड थर. ज्वारी ओतून झाली की वर पुन्हा काड, त्यावर दगडी झाकण आणि झाकणाच्या कडेनं चिखल लिंपायचा. आत हवा राहिली नाही की किडा जगत नाही, सगळी युक्ती तीच.

उघडायचं तेव्हा मात्र फार जपून. झाकण काढून दिवसभर तसंच ठेवायचे. मग दोरीला कंदील बांधून आत सोडायचा. कंदील विझला तर कोणी उतरायचं नाही. आत कोंडलेल्या वायूनं माणसं गुदमरून गेल्याचे प्रकार आमच्या भागात घडलेत. लहान असताना मी काठावर पालथा पडून तो कंदील खाली खाली जाताना बघायचो आणि आजी माझा पाय धरून बसायची. खालून येणारा तो उबट, आंबूस वास अजून नाकात आहे. हेडीसचं राज्य म्हणजे काय, हे मला ताईंच्या गोष्टीआधीच माहीत होतं असं आज वाटतंय.

पण एक शंका मांडतो. आमच्याकडे पेवात खायची ज्वारी जायची, बियाणं नाही. बियाण्याची कणसं काढणीलाच निवडून बाजूला काढायचे आणि आढ्याला टांगायचे, किंवा राख लावून मडक्यात ठेवायचे. कारण पेवातला दाणा उगवेलच याची खात्री नसते. कडेचा तर काळा पडतो. तिकडचे लोक पेरणीचं बी खड्ड्यातून काढत होते, याला काही आधार आहे का?

पोथीवाचक

दाणाभाऊ, पेव हा शब्द मला पहिल्यांदा सुचायला हवा होता. आणि शंका अगदी मर्मावर आहे. एल्युसिसच्या ठरावातले खड्डे बियाण्यासाठी नव्हतेच. ते देवीच्या वाट्याचं धान्य. ते विकून येणाऱ्या पैशातून बळी आणि अर्पणं करायची, असं तिथेच लिहिलं आहे. म्हणजे निल्सन यांची गोष्ट पेवापर्यंत भक्कम आहे, पण पेवातून शेतापर्यंतची वाट या लेखावरून सिद्ध होत नाही.

मात्र जमिनीखालून काहीतरी वर काढून बियाण्यात मिसळायची चाल होती, ती नक्की. तिचं नाव थेस्मोफोरिया. फक्त बायकांचा सण, अथेन्समध्ये तीन दिवस, ऑक्टोबरच्या सुमारास, पेरणीच्या आधी. डुकराची पिलं आधीच खोल खड्ड्यांत टाकलेली असत. सणात काही बायका खाली उतरून त्यांचे कुजलेले अवशेष वर आणत आणि ते वेदीवर ठेवत. ते घेऊन बियाण्यात कालवलं की पीक चांगलं येतं, अशी श्रद्धा. मधला दिवस कडक उपवासाचा, जमिनीवर बसून काढायचा, जशी डिमीटर लेकीच्या शोकात अन्न-पाणी टाकून बसली होती. डाळिंबाचा दाणा खाली पडला तर तो उचलून खायचा नाही. तिसऱ्या दिवसाचं नाव कल्लिगेनिया, म्हणजे सुंदर अपत्य. तुमच्या कंदिलाचं वाचल्यावर, त्या अंधारात उतरणाऱ्या बायकांचं धाडस मला आज नव्यानं कळलं.

भडोच_बंदर

अवांतर आहे, पण एल्युसिसचा विषय निघालाच आहे म्हणून. या गूढविधींची दीक्षा घेतलेला एक भारतीय इतिहासात नोंदलेला आहे. इ. स. पू. २०च्या सुमारास सम्राट ऑगस्टसकडे भारतातून एक वकिलात गेली होती, तिच्यातला हा माणूस. रोमन इतिहासकार डिओ कॅसिअस लिहितो की ऑगस्टससाठी तेव्हा हे विधी ठरल्या वेळेबाहेर केले गेले, त्यात यानं दीक्षा घेतली आणि मग अथेन्समध्ये जिवंतपणी अग्निप्रवेश केला. ग्रीक भूगोलकार स्ट्रॅबोनं त्याच्या थडग्यावरचा लेख दिलाय, त्यात त्याचं नाव झार्मानोखेगास आणि गाव बार्गोसा, म्हणजे बहुतेक आपलं भडोच. नावातला 'श्रमण' ओळखू येतो.

पिरेअसहून

मी जहाजांच्या दुरुस्तीच्या कामात आहे, अकरा वर्षं अथेन्सच्या बंदरात, पिरेअसला राहतो. ग्रंथातलं मला फारसं कळत नाही, डोळ्यांनी पाहिलेलं लिहितो.

राखणदार बाई खरं बोलल्या. इथे मे संपला की पाऊस जवळजवळ थांबतो, तो थेट सप्टेंबरच्या अखेरीला किंवा ऑक्टोबरात येतो. वर्षाचा सगळा मिळून चारशे मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे आपल्या सोलापूरपेक्षाही कमी. म्हणून तर इथे गव्हापेक्षा जव जास्त पिकायचं आणि अथेन्सला गहू काळ्या समुद्रावरून जहाजांनी आणावा लागायचा. पहिला पाऊस झाला की आठ-दहा दिवसांत पिवळ्या टेकड्यांवर हिरवी लव येते. फेब्रुवारीत अ‍ॅनिमोन फुलतात, एप्रिलमध्ये लाल पॉपी. हिवाळ्यात इथे जमीन मेलेली मी एकदाही पाहिली नाही.

एल्युसिसला ताई ज्या वाटेनं गेल्या असतील, त्या अथेन्समधल्या रस्त्याचं नाव आजही 'इएरा ओडोस' आहे, पवित्र मार्ग. दीक्षा घेणारे याच वाटेनं चालत जायचे. आता दोन्ही बाजूंना टायरची दुकानं, गॅरेजं.

एल्युसिसच्या लोकांबद्दल एक सांगायलाच हवं. १८०१ साली एडवर्ड क्लार्क नावाचा केंब्रिजचा इंग्रज तिथे आला. गावात खळ्याशेजारी शेणखताच्या ढिगात मानेपर्यंत बुडालेली संगमरवरी बाई होती, डोक्यावर टोपली घेतलेली. गावकरी तिला शेताची राखण करणारी मानत आणि सणावारी तिच्यापुढे दिवा लावत. क्लार्कनं तुर्की अधिकाऱ्याकडून परवाना मिळवला आणि तिला उचललं. गाव विनवण्या करत होतं की ही गेली तर पीक जाईल. तिला नेणारं जहाज इंग्लंडच्या किनाऱ्यापाशी फुटलं, मूर्ती मात्र वाचली आणि आज केंब्रिजच्या संग्रहालयात आहे. पुढे अभ्यासकांनी ठरवलं की ती डिमीटर नाहीच, तुम्ही ओंब्या पाहिल्या त्याच प्रवेशद्वाराचा एक स्त्रीरूपी खांब. तिची जोडीदारीण एल्युसिसच्या संग्रहालयात आहे. माझ्या मते गावकऱ्यांचं काही चुकलं नव्हतं. शेताच्या कडेला उभ्या असलेल्या शेंदूर माखलेल्या दगडाला आपण कुठे विचारतो, तू आधी कुठल्या देवळाचा खांब होतास म्हणून?

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे. तुम्ही अवशेषांच्या वरच्या बाजूला टेकडीवर एक छोटं चर्च पाहिलं असेल. तिथली मरियम 'पानागिया मेसोस्पोरितिसा' म्हणून ओळखली जाते. मेसो म्हणजे मधे, स्पोरा म्हणजे पेरणी. अर्धी पेरणी झाली, अर्धी राहिली, त्या वेळची माउली. तिचा सण २१ नोव्हेंबरला. त्या सणाला बायका घरून 'पोलिस्पोरिया' करून आणतात. गहू, हरभरे, मसूर, घेवडा असे जे धान्य-कडधान्य घरात असेल ते एकत्र शिजवायचं, वरून मनुका आणि डाळिंबाचे दाणे. पाद्री त्यावर आशीर्वाद म्हणतो आणि मग सगळ्यांना वाटतात. मी दोनदा गेलोय. दुसऱ्या वेळी एका आजीनं कागदी पेल्यात भरून दिलं, अजून कोमट होतं.

मंगळवेढेकरीण

सगळ्यांचे मनापासून आभार. ते चर्च मी पाहिलं होतं. त्याच्या भिंतीच्या सावलीत बसून पाणी प्यायले आणि कोणाचं आहे ते न विचारता उतरले. आता हळहळ वाटते आहे.

काल रात्री आत्याला फोन लावला. आमच्या वाड्यातही पेव होतं, पण मी जन्मायच्या आधी बुजवलेलं. बार्शीच्या भाऊंनी लिहिलेला कंदील तिनं न विचारता सांगितला. बियाण्याची कणसं आढ्याला, हेही तेच. मग मी तिला एल्युसिसच्या त्या पेल्याबद्दल वाचून दाखवलं. गहू, हरभरे, मसूर, डाळिंबाचे दाणे. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "अगं, मग घुगऱ्याच की. बारसं कुणाचं होतं?"

पोथीवाचक सर, डिमीटरला लेक परत मिळाल्यावर त्या दोघींनी काय खाल्लं, याबद्दल स्तोत्रात काही आहे का? मुली विचारतील.

पोथीवाचक

ताई, खाण्याचं काही नाही. आई पहिला प्रश्न मात्र खाण्याचाच विचारते: "खाली असताना काही खाल्लं नाहीस ना, बाळा?" त्यानंतर उरलेला दिवसभर दोघी एकमेकींना मिठीत घेऊन बसून राहतात, एवढंच लिहिलं आहे. मग हेकाटी देवी येते आणि लेकीला जवळ घेते.